झटका नगण्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर त्या दिवशी बाहेर गाडीतच बसली होती.

इथे परदेशात आमच्या आयसेलिन गावच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो. मी पूर्वी पुण्यात उपसंपादक होतो, म्हणून एक माहितीपर लेख कायम माझ्या वाट्याला. त्या वर्षी एका सोनाराच्या दुकानावर दरोडा पडला होता. विषय ठरला : पॉलिमरची छोटी पिस्तुलं, गुण आणि दोष.

गुण मी चोख लिहिले. सांगाडा चिवट प्लॅस्टिकचा, म्हणून वजन कमी, जाडी बेताची, खिशात पाकिटासारखं बसतं. यातला एकही शब्द मागे घ्यावा लागणार नाही.

दोष? इथेच गाडी अडते.

'प्रस्तुत लेखकाने प्रत्यक्ष चाचणी घेतली,' असं मी लिहिलं. घेतली होती का? हो — म्हणजे नेमबाजीच्या रेंजवर गेलो होतो. पहिली गोळी नळीत जायला पिस्तुलाचा वरचा भाग, स्लाइड, मागे खेचावी लागते. छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग ताठ. माझ्याच्याने ती हलेना. शेवटी तिथल्या प्रशिक्षक मुलीने पडदा सारावा तशी ती सारली. मी एक गोळी झाडली. मूठ इतकी आखूड की करंगळी हवेत. पिस्तूल इतकं हलकं की सगळा झटका मनगटात. गोळी शेजारच्या माणसाच्या निशाणाच्या कागदावर लागली — बरोबर मधोमध. त्याने अंगठा दाखवून माझं कौतुक केलं. उरलेल्या गोळ्या मी परत केल्या.

"कसं झालं?" बायकोने विचारलं.

"मस्त," मी एका हाताने गाडी चालवत म्हणालो.

आणि लिहिलं काय? 'स्लाइड सहज ओढता येते. झटका नगण्य.'

आमच्या मंडळातल्या शैलाकाकू साड्यांचं दुकान एकट्याच चालवायच्या. दूर बेलव्ह्यूला राहणारा त्यांचा मुलगा फोनवर एकच सांगायचा, "आई, जस्ट क्लोज इट." काकू ऐकत नव्हत्या. लेख वाचून त्यांनी रीतसर परवाना काढला, पिस्तूल घेतलं आणि एका संध्याकाळी मला दुकानात बोलावलं. रिकामं पिस्तूल काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "ओढून दाखव रे जरा. मला जमेना."

मी काय केलं असेल? मी म्हणालो, "काकू, ज्याचं पिस्तूल त्यानेच ओढायचं असतं. तसा नियम आहे."

असा नियम कुठेच नाही.

त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं. बांगड्या वर सारून पाहिलं. मग दम खात म्हणाल्या, "तू तर सहज लिहिलंयस. म्हणजे माझेच हात गेले."

मी मान हलवली. हो कशाला म्हणायचं, नाही कशाला म्हणायचं — नुसती हलवली.

पिस्तूल परत गेलं. थोड्याच दिवसांत दुकानाच्या काचेवर सेलचा बोर्ड लागला. काकू मुलाकडे राहायला निघाल्या म्हणून मंडळाने निरोप समारंभ केला, तेव्हा त्या सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याचा लेख वाचला आणि कळलं, आपलं वय झालं. उगाच हट्ट करत होते."

लोक हसले, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

काकूंचे हात ठीक होते. पिस्तूलच तसं होतं, आणि मला ते माहीत होतं.