कपारीतलं जातं

चकवा, भूतबाधा असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत, आजही मानत नाही. मी मोजूनमापून चालणारा माणूस. पण हा एक हिशेब काही लागत नाही...

हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या सात वर्षं आधीची गोष्ट. आमच्या गोरेगावपासून दोन कोसांवर डोंगरात एक खोल कपार होती. आमच्याकडचा खडक काळा, पण त्या कपारीत चुनखडी सापडायची. माझा दोस्त युसुफ चुना भाजायचा. आत किती लांब जाता येतं ते बघू, म्हणून आम्ही दोघं भरदुपारी शिरलो. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. कंदील आणि तीस हात दोर घेतला. दोर संपला, तरी पुढं एका बुटक्या फटीत पांढरा दगड दिसत होता... सरपटत गेलो. परतताना युसुफ घसरला, कंदील फुटला. गुडघाभर उंचीच्या त्या फटीत मिट्ट काळोख. चाचपून चाचपून दोराचं टोक काही सापडेना.

"तुझं माप काय म्हणतंय रे?" युसुफनं विचारलं.

"डावीकडं."

"मघाशीबी डावीकडंच म्हणलास. भित्तीत घुसू का?"

दोघंही हसलो. इथंच मेलो तर कुणाला पत्ता लागणार नव्हता.

तेवढ्यात घरघर ऐकू आली. जात्याची! आणि बाईचं गाणं.

"ऐकून राहिलास?" युसुफ कुजबुजला.

"व्हय."

"मग चल. दळणारी हाय तिथं दार असंल."

आवाजामागं सरपटत गेलो आणि थेट कपारीच्या तोंडाशी, उन्हात आलो. गाणं थांबलं. बाहेर जातं नाही, बाई नाही, आसपास वस्तीही नाही.

युसुफ डोळे पुसत होता. "अम्मी गाऊन राहिली होती."

"काहीतरीच! माझ्या आईची ओवी होती ती."

"तुझ्या माईला आमची दखनी काहून येईल?"

दोघींनाही जाऊन वर्षं झाली होती.

पुढं दर बाजाराच्या दिवशी चहावर हेच भांडण. पोलीस ॲक्शननंतर गावात राहणं धोक्याचं झालं, तसा तो बायकोमुलांना घेऊन हैदराबादला सासुरवाडीला निघाला. मोटारीत चढताना म्हणाला, "आता तरी कबूल कर, अम्मीच होती."

"न्हाई."

"मग भांडायला वापस यावं लागंल," म्हणाला आणि हसला.

नंतर मी टॉर्च घेऊन दोनदा कपारीत गेलो. काही ऐकू आलं नाही. वारा असेल, पाणी ठिबकत असेल... पण मग दोघांना दोन भाषांत कसं?

युसुफ अजून आलेला नाही. मीही अजून कबूल केलेलं नाही.