नेलिदाबाईंचे एकावन्न गुण

नेलिदा तांकारा एकोणीस वर्षं हंगामी होत्या. मी विद्यापीठाच्या कचेरीत कारकून. त्यांच्या नेमणुकीची पत्रं मीच टाइप करायचो. दर सहामाहीला एक. मजकूर तोच, तारीख तेवढी नवी.

त्यांचा विषय होता 'शिक्षण, काम आणि पुढची वाट'. शेवटच्या वर्षाला तो सुटल्याशिवाय पदवी नाही. पहिल्या तासाला बाई सांगत, "नोकरीच्या फाईलीत प्रत्येक पानावर क्रमांक घाला. आकड्यात आणि अक्षरातही. एक पान चुकलं, की तुमची सगळी विद्या रद्दीत." मुलं हसत. सहामाही संपताना एक निबंध असे : पाच वर्षांनी तुम्ही काय काम करत असाल? पठारावरचा वारा पत्र्याचं छप्पर खडखडवत राही आणि बाई गुडघ्यांवर शाल ओढून सत्तर जणांची भविष्यं लाल शाईने तपासत बसत. पेनाची शाई गोठली की ते काखेत धरत.

त्या वर्षी त्यांच्याच विषयाची कायम जागा निघाली. आमच्याकडे शिक्षक निवडायला तीन शिक्षक आणि तीन विद्यार्थी बसतात, आणि सहाही मतांचं वजन सारखं. बापजाद्यांनी हे भांडून मिळवलंय. त्याला कोणी नावं ठेवत नाही, निदान मोठ्याने तरी नाही. चार मतं पडली की जागा मिळते. तिन्ही शिक्षक बाईंच्या बाजूचे होते. दोन विद्यार्थी दुसऱ्या उमेदवाराकडे झुकलेले. उरला ग्रोव्हर कायिसाया.

ग्रोव्हर तेहतीस वर्षांचा, विद्यार्थी संघटनेचा चिटणीस. पोरं त्याला आजोबा म्हणत. त्याचा एकच विषय राहिला होता, बाईंचा. तीन वर्षं त्याने निबंधच दिला नव्हता.

बैठकीच्या आठवड्यात तो कचेरीत आला. बाई माझ्याच टेबलापाशी हजेरीपट भरत होत्या.

"बाई, आत्ताच अभिनंदन करू का?"

"निबंध कुठाय?"

"तेच सांगायला आलो. यंदाही नापास करा मला."

"लोक पास करा म्हणून येतात रे."

"ती पोरं असतात. पास झालो तर वसतिगृहातली खाट गेली, खानावळीतलं ताट गेलं, संघटनेचा शिक्का गेला. तुम्ही मला नापास करा, मी तुमच्यासाठी हात वर करतो. दोघंही इथेच राहू."

शेवटचं वाक्य बाईंना लागलं असावं. त्यांनी हजेरीपट मिटला. "चला, काहीतरी गरम पिऊ," त्या म्हणाल्या. मलाही घेतलं.

बाजारात जांभळ्या मक्याची आपी पीत त्यांनी त्याला सहज विचारावं तसं विचारलं, "बरं, लिहू नकोस. सांग नुसतं. पाच वर्षांनी काय?"

ग्रोव्हर पेल्यात बघत बोलत राहिला. बाप राबायचा ती खाण बंद पडली तेव्हा मी पहिल्या वर्षाला होतो. बाहेर गेलो तर मावसभावाच्या दुकानात टायर उचलीन. इथे निदान माझ्या नावाची पाटी आहे. पाच वर्षांनी पाटी तीच असेल, केस नसतील. मला भीती वाटते, बाई, आणि ती मोर्च्यात पुढे चालताना वाटत नाही.

बाई लिहून घेत होत्या. त्यांनी कागद पुढे केला. "तुझंच बोलणं आहे. सही कर."

तो हसला, आणि त्याने सही केली. कायम जागा कोणी कागदाच्या तुकड्यासाठी घालवत नाही, असं त्याला वाटलं असणार.

बुधवारी गुणपत्रक माझ्याकडे आलं. कायिसाया, ग्रोव्हर : एकावन्न. पास व्हायला लागतात तेवढेच.

मी म्हटलं, "बाई, बैठक शुक्रवारी आहे. हे सोमवारी दिलंत तरी चालेल."

"चालेल. पण मग शुक्रवारपर्यंत त्याच्या हाताकडे बघत बसावं लागेल. तेवढा दम नाही राहिला."

"पण त्याला पास कशाला केलंत?"

"बाकी सगळे निबंधात बँकेचे मॅनेजर होतात," त्या म्हणाल्या. "सगळेच्या सगळे."

निकाल गुरुवारी लागला. पास झाला तरी नियमाप्रमाणे ग्रोव्हर पुढच्या सहामाहीपर्यंत समितीवर होता. शुक्रवारी तीन हात वर झाले. ग्रोव्हरचे दोन्ही हात टेबलावरच राहिले, एकमेकांत अडकवलेले. तीनास तीन. इतिवृत्तात मी लिहिलं : जागा रिक्त ठेवण्यात येत आहे.

नवी सहामाही सुरू झाली, बाई वर्गावर गेल्या. नवी मुलं होती, पानांना क्रमांक घालायला त्यांना पुन्हा सांगावं लागलं.

ऑगस्टमध्ये ग्रोव्हर आला. नखांत टायरचं काळं. काखेत फाईल. कुठल्याशा खेड्यातल्या शाळेत कारकुनाची जागा होती. तो दारातच थांबला.

"बाई, जरा बघता?"

बाईंनी चष्मा लावला आणि पानं उलटली.

"चौदा दोनदा घातलायस."

"मग?"

"पुढचं सगळं खोड. पुन्हा घाल."

"साठ पानं आहेत, बाई."

"मग बस."

त्यांनी पायाने खुर्ची त्याच्याकडे सरकवली. तो बसला. थोड्या वेळाने मान खाली घालूनच म्हणाला, "तुमची फाईल अजून आहे ना?"

"आहे. तिचे क्रमांक बरोबर आहेत."

मी यंत्रात कागद घातला. बाईंच्या पुढच्या सहामाहीचं पत्र करायचं होतं. मजकूर पाठ होता. कॅलेंडरकडे पाहून मी तारीख टाइप केली.

"पंधरा," बाई त्याला सांगत होत्या. "अक्षरातही लिही."