खोताचं अंगण, माझ्या पोराचा जामीन

खोतानं शेणाची पाटी पायानं माझ्याकडं सरकवली. म्हणाला, “आधी अंगण सारव. मग बघू तुझ्या पोराच्या जामिनाचं.”

ठेवणीतलं लुगडं नेसून गेले होते. त्याचाच काचा मारून बसले सारवायला. वर विचारलं, “परसदार पण सारवू का?” अशी मी शाणी! नातवंडं ऐकून हसतात. हसा मेल्यांनो.

पोरावर पंप चोरल्याचा आळ. कोर्टानं जामीन दिला होता, पण जामीनदार सातबारावाला हवा. आमच्या बौद्धवाडीत सातबारा कुठला? घरं आमची, जमीन खोताची. म्हणून पोरगा जामीन होऊनही आत.

भेटायला गेले की जाळीपलीकडून सांगायचा, “आये, कुशीवर झोपतो. एकानं कूस बदलली की सगळ्या रांगेनं बदलायची.”

मी सांगायची, “खोत जामीन राहायला येणार हाय रे. आज लय चांगलं सारवलंय.”

लाज वाटते लिहिताना. पोरगा श्वासाला जागा शोधत होता आणि मी शेणाची कौतुकं सांगत होते.

रोज सारवायचं. रोज खोताचं ‘उद्या’. एका सकाळी ओटीवर पाहुणे होते. त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “हिच्या पोराला सोडवलं तर अंगण कोण सारवंल?”

पाहुणे हसले. पोटभर.

मी उठले. पाटी उपडी केली, तिथंच. “तुमचं अंगण, तुमचं हात,” म्हटलं, आणि निघाले. पोलादपूरला येऊन महाडची एसटी धरली. कोपरापर्यंत शेण. शेजारी कुणी बसलं नाही. बरंच झालं, ऐसपैस गेले.

कोर्टात गरिबांना फुकट वकील देतात. तिथली वकीलबाई म्हणाली, “मावशी, जामीनदार मिळत नाही असा अर्ज करू. जातमुचलक्यावर सोडतात. मुलाची स्वतःची हमी, स्वतःची सही.”

स्वतःची सही! शाळा शिकलेला माझा पोरगा. त्याच्या सहीला किंमत असेल, हे मला, त्याच्या आईला, सुचलंच नव्हतं. खोतानं अंगणात बसवलं खरं, पण खाली मान घालून बसले मीच.

अर्ज मंजूर झाला. पोरगा सुटला. मी रिक्षा थांबवली, पण तो चढेना. जेलच्या भिंतीकडं बघत म्हणाला,

“आये, घरी मागनं जाऊ. माझी झोपायची जागा रिकामी झाली नाय गो, तोच बाजूचा तिच्यावर पसरला. कापडे गावचा हाय. त्याला पण जामीन झालाय, जामीनदार नाय. त्याची आय कुणाच्या पाया पडायच्या आत तिला गाठ. वकीलबाईकडं आज, आताच न्यायची.”