मागे कोणीतरी आहे

माझ्या सेकंडहँड मोटरसायकलला सीबी रेडिओ आधीपासूनच बसवलेला होता. पूर्वी बाइकवाले वाटेत एकमेकांशी बोलायला तो वापरत, पण मोबाइल आल्यावर त्यावर बोलणार कोण? मी तो कधी लावलाच नाही.

एकदा इथे आयर्लंडमध्ये मलिंगारहून लेटरकेनीला मित्राकडे निघालो आणि दाट धुकं लागलं, म्हणून पेट्रोल पंपावर थांबलो. तिथे सत्तरीचा एक आयरिश गृहस्थ माझ्या रेडिओच्या एरियलवरून हलकेच बोट फिरवत म्हणाला, "चालतो का रे हा?" त्याच्या जुन्या बाइकलाही तसलंच एरियल होतं.

त्याने चॅनल जुळवून दिलं. "मी पुढे राहतो. दिसेल ते सांगत जातो. तू नुसतं 'ग्रँड' म्हण." ग्रँड म्हणजे ठीक, छान; इथे सगळंच ग्रँड असतं.

"एवढंच?"

"एवढंच. मागे कोणी आहे, हे मला कळायला नको?"

मग स्पीकरमधून त्याचा घोगरा आवाज येत राहिला. "ट्रॅक्टर येतोय." "वळण आहे, हळू." मध्येच, काही कारण नसताना, "या घराला नवा रंग दिलाय बघ." मला ना घर दिसत होतं ना रंग. मी आपलं बटण दाबून "ग्रँड" म्हणायचो, की पुढे माझ्या दिव्याच्या उजेडात त्याचा डावा हात किंचित वर जायचा.

फाट्यावर तो समुद्राकडे वळला आणि मी सरळ निघालो. संपलं, असं वाटलं. पण स्पीकर पुन्हा खरखरला. तो त्याच्या रस्त्यावरचं सांगतच होता. आवाज विरत गेला. शेवटचं नीट ऐकू आलं ते, "मेंढ्या आहेत रस्त्यात, जपून."

माझा रस्ता मोकळा होता. तरी मी ब्रेक दाबला, आणि जरा जास्तच मोठ्याने "ग्रँड" म्हणालो.