फुगलेला पाईप

कनेरगाव नाक्यावरच्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलं नाही. हवा भरायला थांबलो होतो. वाशीमच्या दवाखान्यात मावशी अत्यवस्थ आहे, लवकर कर, असं त्याला सांगितलं. त्याने तरीही बॉनेट उघडलं, रेडिएटरचा पाईप अंगठ्याने दाबला, बेल्टवरच्या चिरा दाखवल्या.

"पाईप फुगून राहिला, साहेब. अर्धा घंटा थांबा, बदलून देतो."

"गिऱ्हाईक दिसलं की तुम्हाला सगळंच खराब दिसतं," मी म्हणालो. त्याने हात पुसले आणि बॉनेट अलगद लावलं.

वाटेत पाईप फुटला. मी पोचलो तेव्हा मावशी गेली होती. "तुझंच नाव घेत होती," आई म्हणाली.

परतताना माफी मागायला त्याच्याकडे थांबलो. त्यानेच आधी विचारलं, "झाली ना मावशीची भेट?"

मी "झाली" म्हणालो आणि गाडीत जाऊन बसलो.