टीव्ही बिघडला नव्हता

हे माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. सख्ख्या बहिणीनंही नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं म्हणत मी ते सात-आठ वर्षं पुढं ढकललं. आता दमले — म्हणून सांगते.

मी बेलापुरात प्राथमिक शाळेत शिकवायचे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर इथंच राहिले. शेजारी आक्का. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, शेतकरी घरातली, तीही एकटीच. मुलगा-सून मळ्यातल्या घरी, ही गावातल्या जुन्या दोन खोल्यांत. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर दोन्ही वेळची भाकरी तिच्याकडून आली. आणायची आणि समोर बसायची — ताट रिकामं होईपर्यंत उठायची नाही. असं माणूस शेजारी मिळायला काय करावं लागतं? मी तर काहीच केलं नव्हतं.

दुपारी चारला टीव्हीवर एक जुनी विनोदी मालिका पुन्हा लागायची. दोन शेजारणी, मध्ये कुंपण. रोज कशावरून तरी जुंपायची आणि शेवटी एकच चहा दोघींत — एक कपात पिणार, एक बशीत. आक्काचा टीव्ही मुलानं मळ्यात नेला होता, म्हणून ती माझ्याकडे यायची. गल्लीतले लोक आम्हालाच त्या दोघींची नावं लावायचे. आक्काला त्याचा केवढा अभिमान!

मग तिला ऐकू येईनासं झालं. एकदम नाही — हळूहळू. मुलानं कानातलं मशीन आणून दिलं. ते शिट्ट्या मारतं म्हणून तिनं डब्यात घालून ठेवलं. मालिका बघताना मात्र दर वाक्याला माझा हात हलवायची.

“बाई, काय म्हनली ती?”

मी ओरडून सांगायचे. तोवर पुढचा विनोद निघून गेलेला.

“आन् आता का हसली?”

ओरडून सांगितलेल्या विनोदात काय उरतं? मला राग यायचा. इतका जीव लावणाऱ्या माणसाचा राग — येतो का कुणाला? मला यायचा. मला तो अर्धा तास माझा एकटीचा हवा होता. बस, इतकंच. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

एक दिवस ती आली तेव्हा मी दारातच सांगितलं, “आक्का, टीव्ही बिघडलाय. पार्ट मिळत नाही म्हणतात.” दोनदा सांगावं लागलं, मोठ्यानं. खोटं बोलताना मात्र मला ओरडायचा कंटाळा आला नाही.

त्या दिवसापासून मी दार लावून, आवाज बारीक करून एकटी बघू लागले. आणि आक्का? तिला वाटलं, बाईंची करमणूक गेली. ती रोज पाचला यायला लागली. “आयका बाई, मला समदे भाग पाठ हायेत,” म्हणायची आणि पदर खोचून, दोन्ही शेजारणींचे आवाज काढून एकेक जुना भाग करून दाखवायची. इथलं तिथं जोडायची, मध्येच आमच्या गल्लीतल्या बायकाही घुसवायची. खरं सांगू? मालिकेपेक्षा तीच जास्त हसवायची. मी हसायचे — आणि तासाभरापूर्वीच मी आत बसून खरा भाग बघितलेला असायचा. तरी थांबले का? नाही. महिना-दीड महिना हे असं चाललं.

मग एका दुपारी हसता हसता माझी मान वळली. मागचं दार लावायचं राहिलं होतं. दारात आक्का, हातात झाकलेली ताटली. गरम धपाटे होते. तिनं टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ताटली गॅसच्या ओट्यावर ठेवली आणि गेली.

पाचला ती नेहमीसारखी आली. “झाला व्हय टीव्ही दुरुस्त?”

कळतंय ना, ती काय करत होती? मला सुटायला वाट देत होती. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. पण ‘हो’ म्हटलं, तर उद्यापासून ती चारला येणार.

“मघाशी जरा चालू झाला होता, आक्का. परत गेला.”

“आसं व्हय,” ती म्हणाली. थोडा वेळ बसली. त्या दिवशी तिनं भाग सांगितला नाही. नंतरही कधी नाही.

येणं थांबलं नाही तिचं. विरजण द्यायला यायची, माझी मेथी निवडायची. भांडली असती तर बरं झालं असतं. पण त्यानंतर साध्या बोलण्यातही ‘काय म्हनली ती’ हे मी तिच्या तोंडून ऐकलं नाही. आणि हे माझ्यापुरतंच नव्हतं — एकदा तिची सून मला म्हणाली, “सासूबाई आता काईच इचारत न्हाईत, बाई. काय बी बोला, नुसत्या हसून मान डोलावत्यात. आधी लई कटकट हुती.” ती सहज बोलून गेली. मी ‘वय झालं’ म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी मुलानं तिला मळ्यात नेलं. मी महिन्यातून एकदा जाते. मागच्या खेपेला अंगणात आम्ही दोघीच होतो. मी तिचा हात धरला आणि हे सगळं सांगितलं — टीव्ही, लावलेलं दार, ते दुसरं खोटं. तुमच्याशी बोलतेय तशाच साध्या आवाजात. ती माझ्याकडे बघून हसली, मान डोलावली.

मोठ्यानं सांगितलं असतं तर तिला ऐकू गेलं असतं. मला ते माहीत होतं.