अनुमोदक म्हणून तिचं नाव

सत्ता आणि अधिसत्ता यांतला फरक मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. समोरच्याला नको असताना त्याच्याकडून करून घेणं ही सत्ता. तेच त्याने मान डोलावल्यावर करून घेणं ही अधिसत्ता. नेरूळच्या एका कॉलेजात निवृत्त होईपर्यंत मी हे शिकवलं. मुलं खिडकीबाहेर बघायची, पेपरात उलटं लिहायची आणि मी त्यांना नापास करायचो. नापास करायला मला आवडायचं, हेही सांगून टाकतो.

निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो. बिनविरोध झालो, म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं.

तळमजल्यावर जवळच्या दिवाळे गावातली एक कोळीण राहायची. नवरा गेलेला, मुलगी सासरी, फ्लॅट तिच्याच नावावर. दुपारी बाजार उठला की उरलेली मासळी बर्फात घालून थर्माकोलची तीन खोकी ती जिन्याखाली ठेवायची आणि संध्याकाळी तीच घेऊन पुन्हा बसायची. तळमजल्यालाही पाच पायऱ्या होत्या आणि तिची कंबर कामातून गेलेली. जिन्याखालची जागा गेली की तिचा संध्याकाळचा धंदा गेला, इतका सरळ मामला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना वास यायचा. मला येत नव्हता. मी तिच्याकडूनच बोंबील घ्यायचो.

सभा खाली पार्किंगमध्ये झाली. जिन्याखाली मासळीची खोकी ठेवायला मनाई, असा ठराव होता. मतदानाआधी मी उभा राहिलो आणि लोकशाही समजावून सांगू लागलो. बहुमत म्हणजे काय, संमती म्हणजे काय, नियमांचं राज्य कशाला म्हणतात. चांगली दहा मिनिटं बोललो. इतक्यात ती कंबरेवर हात ठेवून उठली.

"मास्तर, तुमी शिकवताव का दम देताव?"

सगळे हसले. चेअरमन तर खुर्चीत मागे रेलून हसला. वर्गातही मुलं हसायचीच, पण माझी पाठ वळल्यावर. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"माजा इरोध हाय," ती म्हणाली. "लिवून घ्या."

"लिहितो ना," मी म्हणालो.

ठरावाच्या बाजूने भराभर हात वर झाले. विरोधात तिचा एकटीचा. तो तिने बराच वेळ वर ठेवला, मला नीट दिसावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी इतिवृत्त लिहायला बसलो. प्रत्येक ठरावाखाली दोन नावं लागतात. सूचक ठराव मांडतो, अनुमोदक त्याला पाठिंबा देतो. सभेत हे कुणी विचारत बसत नाही; सेक्रेटरी हजेरीच्या सह्यांमधून कुठलीही दोन नावं उचलतो. सूचक म्हणून मी तिसऱ्या मजल्याचं नाव घातलं. अनुमोदक म्हणून तिचं. चुकून नाही घातलं. अक्षरसुद्धा नेहमीपेक्षा वळणदार काढलं. तिच्या विरोधाचा उल्लेख कुठेच केला नाही. आयुष्यभर फळ्यावर लिहिलं ते पहिल्यांदा करून बघितलं. बाई आता नुसती हरली नव्हती, तिची संमती होती. मला फार बरं वाटलं, चहा दुसऱ्यांदा मागून घेतला.

त्याच आठवड्यात सफाईवाल्यांनी खोकी गेटबाहेर नेऊन ठेवली. ती बाजारातून येईपर्यंत उन्हात बर्फ गेला होता आणि मासळीही. तिने कुणाकडून तरी अर्ज लिहून घेतला आणि सहकार खात्याच्या ऑफिसात गेली. तिथल्या माणसाने आम्ही पाठवलेली प्रत काढून दाखवली. मावशी, ठरावाला पाठिंबा तुमचाच आहे, मग तक्रार कशाची? हे मला चेअरमनने फोन करून सांगितलं. "सर, काय डोकं लावलंत!" म्हणत तो हसत होता. मीही हसलो. संध्याकाळी बाजारात तिची जागा रिकामी दिसायला लागली. पुढे तिथे एक कांदेबटाटेवाला बसू लागला.

पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीचाच, मागचं इतिवृत्त वाचून कायम करणं. वाचत कुणी नाही. "वाचलं असं धरू," चेअरमन म्हणाला.

"वाचा मास्तर," शेवटच्या खुर्चीवरून ती म्हणाली. "मना वाचता येत नाय."

इथे मला थांबता आलं असतं. वाचन असतं ते याचसाठी, चूक सापडली तर तिथल्या तिथे दुरुस्त करावी. लिहिताना चूक झाली, एवढं म्हटलं असतं तर कुणी मला काही विचारलं नसतं. पण ती मला पुन्हा सगळ्यांसमोर पकडू बघते आहे, याचाच मला राग आला. मी वाचलं. अनुमोदक म्हणून तिचं नाव स्वच्छ, खणखणीत आवाजात वाचलं.

ती माझ्याशी बोललीच नाही. लोकांकडे वळली. "मी उबी रायलेली. हात वर केलेला. तुमी सगल्यांनी बगला ना? कोनीतरी बोला."

मागच्या वेळी तिच्या बोलण्यावर पोट धरून हसलेली माणसं मोबाइलमध्ये बघू लागली. समोसे आले का, असं कुणीतरी हळूच विचारलं. ती खाली बसली.

"इतिवृत्त कायम करायला कुणाचा विरोध?" चेअरमनने विचारलं.

आता सगळे तिच्याकडे बघत होते. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

"मी हात वर केला," ती मला म्हणाली, "तरी तुमी त्यो तुमच्याच बाजूला लिवनार."

आवाज चढवला नव्हता. मी पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं, विरोध नाही. त्या वहीत तिच्याबद्दल मी लिहिलेलं तेवढंच खरं आहे.